बाबांच्या चाईबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोटो नीट पाहिला. कानामागचा केस गेलेला चट्टा गोल, गुळगुळीत आहे, खवले किंवा पू नाही. कडेचे तुटके केस मुळाशी बारीक आणि टोकाला जाड दिसतात. चाईच वाटते, तरी कुडाळला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच. चाईत शरीराच्याच संरक्षक पेशी केसांच्या मुळांवर उठतात. मुळं मात्र मरत नाहीत, म्हणून केस परत येऊ शकतात. ती एकाची दुसऱ्याला लागतही नाही. आई, टॉवेल वेगळा काढू नकोस.

आणि बिब्बा तर अजिबात लावू नकोस! त्याने कातडी भाजते, फोड येतात. व्रण राहिला तर तिथले केस कायमचे गेले.

आता ‘डी’ व्हिटॅमिनचं आणि त्याच्या गोळीचं. चाई असलेल्यांच्या रक्तात ते सरासरीने कमी सापडतं, हे खरं. पण कमी पडल्यामुळेच चाई होते, असं त्यावरून ठरत नाही. कमी असेल तर हाडांसाठी, स्नायूंसाठी भरून काढायचंच. केस त्यानेच येतील ही आशा नको. लहान चट्ट्यावर डॉक्टर बहुधा ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने.

‘डी’ची गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ (‘डी’ किती आहे ते यावरून कळतं), कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉईडसाठी) तपासून घ्या. टीएसएच अशासाठी, की चाईच्या जोडीला कधीकधी थायरॉईडचाही त्रास असतो. बायोटिन (केसांसाठी म्हणून घेतात ते व्हिटॅमिन) घेत असाल तर डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर आकडे चुकतात.

६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, साधारण ८ आठवडे, तीही डॉक्टरांनी लिहून दिली तरच. जेवणावर घ्या, तेला-तुपाबरोबर ती नीट शोषली जाते. चुकून रोज घेतली गेली तर कॅल्शियम चढतं: तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, मूतखडा, म्हातारपणी भ्रमसुद्धा. म्हणून आई, कॅलेंडरवर गोळीच्या वारी खूण कर.

सकाळी सातच्या कोवळ्या उन्हाने ‘डी’ फारसं तयार होत नाही. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं, आणि काचेतून आलेलं चालत नाही. अकराच्या सुमारास खळ्यात हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसा. चट्ट्यावर टोपी घाला, तिथली कातडी लवकर भाजते. पावसाळ्यात ऊन नसतं. बांगडा, तारली खात राहा, पण मोठी कमतरता नुसत्या माशांनी भरत नाही.

रिपोर्टचा फोटो एकक दिसेल असा पाठवा. ‘डी’ मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. आकडा लिटरला नॅनोमोलमध्ये असेल तर तीच रेघ ५० वर येते.

तुमची लेक