मॅन्युअल लिहिणार कोण?

महोदय,

शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्री आणि मशीनशॉपमध्ये संगणकाचे, संगणकावर चालणाऱ्या मशीनचे प्रशिक्षण होते. शिकवलेले मॅन्युअलमध्ये लिहून ठेवणे मात्र कुणाच्याच वाट्याला नसते. ‘आयएसओ ९००१’ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५च्या आवृत्तीत कलम ७.१.६ नेमके हेच मागते : कामाला लागणारे ज्ञान ठरवा, जपा, हवे त्याला मिळेल असे ठेवा. प्रत्यक्षात ऑडिट जवळ आले की फाइल सजते.

लिहिण्यातल्या चुका ठरलेल्या. ‘जॉब बांधून झीरो घेऊन सायकल चालू करा’ या एका ओळीत तीन कृती आहेत : घडवायचा भाग (जॉब) मशीनवर पक्का करणे, मोजमापाचा आरंभबिंदू (झीरो) ठरवणे आणि मशीनचे काम (सायकल) सुरू करणे. नवखा मधली विसरतो आणि कापणारे हत्यार (टूल) जॉबवर आदळते. एका पायरीत एकच कृती हवी आणि इशारा कृतीच्या आधी. (आपल्याकडे तो शेवटी ‘टीप’ म्हणून येतो, तोवर हात भाजलेला असतो.) पानावर आवृत्ती क्रमांक, तारीख हवी, नवी प्रत लावताना मशीनवरची जुनी काढलीच पाहिजे. मसुदा नवख्याच्या हाती द्यावा, लिहिणाऱ्याने शेजारी गप्प उभे राहावे. नवखा अडखळेल तिथले वाक्य बदलावे.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइली शोधात सापडत नाहीत, कारण आत मराठी अक्षरांचे युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) संकेतच नसतात. त्या युनिकोडमध्ये आणाव्यात; जोडाक्षरे आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावेत.

मध्यम कारखान्यात प्रशिक्षण, लेखन आणि माहितीची जपणूक एकच माणूस सांभाळू शकतो. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात असे एक खरे मॅन्युअल लिहून घ्यावे.

– एक वाचक, कोल्हापूर