कोटेशनात दोरीचीही ओळ असू द्या

महोदय,

सप्टेंबर संपत आला की आमच्या फोनला उसंत नसते. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या असतात. त्यात ‘यंदा इमारतीला बाहेरून रंग देऊ’ असे ठरते, तीन ठेकेदारांचे कोटेशन मागवले जाते आणि ज्याचा चौरस फुटाचा भाव कमी, त्याला काम मिळते. मी मानेवाड्यात राहतो. नऊ वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली ब्रश चालवला, त्यानंतर गेली चोवीस वर्षे रंगकामाचे ठेके घेतो. आज माझ्याकडे एकोणीस माणसे आहेत. या कोटेशनांबद्दलच मला नागपूरकरांना काही सांगायचे आहे.

गेल्या महिन्यात मनीषनगर भागातल्या एका इमारतीचे माप घेतले. चार मजले, चोवीस फ्लॅट, बाहेरचे काम अठरा हजार चौरस फूट. मी सव्वीस रुपये भाव दिला आणि त्यात ‘सुरक्षा’ अशी वेगळी ओळ लिहिली, फुटाला एक रुपया वीस पैसे. म्हणजे एकूण २१,६००, एका फ्लॅटमागे ९०० रुपये. सभेत एक काकाजी म्हणाले, “काऊन भाऊ, दोरीचे वेगळे पैसे? रंग तर भिंतीले देता ना!” काम एकवीस रुपयेवाल्याला गेले. त्याच्या कागदावर सुरक्षेची ओळच नव्हती. काकाजींवर माझा राग नाही. त्यांना कधी कोणी गच्चीवर नेऊन दाखवलेच नाही.

झुला बांधतात कसा, ते सांगतो. गच्चीवरून दोर खाली सोडतात, त्याला फळी बांधतात आणि माणूस त्या फळीवर बसून मजला मजला खाली येतो. हा दोर बहुतेक ठिकाणी कठड्यावरून वळतो. आमच्याकडच्या कितीतरी जुन्या इमारतींचा कठडा साडेचार इंची विटांचा आहे. त्याच्या भरवशावर माणूस लटकवू नये. दोर जिन्याच्या टॉवरच्या कॉलमला बांधावा, आणि कठड्याच्या धारेवर गोणपाटाची जाड घडी ठेवावी, नाहीतर दिवसभराच्या हालचालीने दोर तिथेच घासतो. माणसाच्या अंगात पूर्ण हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना बांधायचे पट्टे हवेत, आयएस ३५२१ या भारतीय मानकाची छाप असलेले. नुसता कमरपट्टा चालत नाही. हार्नेसची दोरी झुल्याच्या दोराला अडकवायची नाही. ती वेगळी, वेगळ्या कॉलमला बांधलेली. झुल्याचा दोर तुटला तर माणूस त्या दुसऱ्या दोरीवर राहतो. दोन्ही एकाच दोराला असतील, तर हार्नेस असून नसून सारखा.

आणि नागपूरचे ऊन! मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात प्लास्टिकचा दोर महिनोन्‌महिने पडून राहिला की ठिसूळ होतो आणि त्याची ताकद जाते. हातात चुरडला तर भुकटी निघते. मी दरवर्षी दोर बदलतो. जुना दोर भंगारात देण्याआधी त्याचे तुकडे करतो, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या झुल्याला लागणार नाही. एक रुपया वीस पैसे जातात ते इथे. त्याशिवाय गच्चीवर दोरापाशी एक माणूस पूर्ण वेळ बसवावा लागतो, त्याची मजुरी.

हे शहाणपण मला उपजत नव्हते. २०१४ साली माझ्याच साइटवर कठड्याच्या धारेवर दोर कातरला गेला आणि माझा एक कारागीर दुसऱ्या मजल्यावरून पडला. जीव वाचला, पण टाच आणि मणका गेला. त्याला हार्नेस मी दिलेला नव्हता. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणीही नव्हती, कारण त्यासाठी लागणारा ९० दिवस काम केल्याचा दाखला त्याने मागितला होता आणि मी ‘पाहू’ म्हणून टाळला होता. आपली सही कागदावर आली की कसली जबाबदारी अंगावर येईल, ही भीती. ठेकेदार बांधवांनो, तो दाखला द्या. माणूस आपल्याकडे राबला, हे लिहून देण्यात कसली भीती? तो कारागीर आजही माझ्याकडे आहे. झुल्यावर चढत नाही, गच्चीवर बसतो. त्याने गाठ हाताने ओढून पाहिल्याशिवाय एकही माणूस कठड्यापलीकडे पाय टाकत नाही, मी सांगितले तरी नाही.

यात ग्राहकाचे काय, असे विचाराल. घाबरलेला माणूस एका हाताने दोर धरतो आणि एका हाताने रंग देतो. तो भिंतीवरचे शेवाळ तारेच्या ब्रशने घासत नाही, भेग खोदून भरत नाही, छज्ज्याच्या खालच्या बाजूला पोहोचतच नाही. रंगाचे दोन हात ठरलेले असतात, वरच्या मजल्यांना एकच बसतो, आणि खालून ते कोणाला दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात ओल आत आली की दोष रंगाच्या कंपनीला. निर्धास्त माणसाचे दोन्ही हात कामाला लागतात. उन्हाळ्यात आम्ही सकाळी पश्चिमेची भिंत घेतो आणि दुपार कलल्यावर पूर्वेची, म्हणजे माणूसही सावलीत आणि तापलेल्या भिंतीवर रंग झरकन वाळून पापुद्रा धरत नाही. त्यासाठी झुले दिवसातून दोनदा हलवावे लागतात. घाईचा ठेकेदार ते करणार नाही.

अशा भावाने धंदा चालतो का, हा प्रश्न मला नवे ठेकेदार नेहमी विचारतात. तीनपैकी एक काम हातचे जाते, हे खरे. पण दसरा-दिवाळीच्या तोंडावर बाकीचे ठेकेदार पहाटे ठिय्यावर माणसे शोधत फिरतात, तेव्हा माझी एकोणीस माणसे हजेरीला असतात. धानकापणीला गावी गेलेलीही परत माझ्याकडेच येतात. त्यांच्या घरच्यांनीच त्यांना दुसरीकडे जाऊ दिलेले नाही.

म्हणून सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना विनंती आहे. यंदा कोटेशन मागवताना सुरक्षेची ओळ सगळ्यांकडूनच वेगळी लिहून घ्या आणि तिच्यावर घासाघीस करू नका. काम सुरू होईल त्या सकाळी समितीतल्या एकाने गच्चीवर जावे, दोर दोन आहेत का आणि ते कशाला बांधले आहेत, एवढे पाहावे. नसतील तर त्या दिवशी काम थांबवावे. ठेकेदार मी असलो तरीही.

— एक रंगकाम ठेकेदार, मानेवाडा, नागपूर