पोरांची मलम बँक बंद पडायला आलीय, मंडळी!!

नमस्कार मंडळी, चिटणीस लिहितोय. गणपतीच्या वर्गणीचा मेसेज नाही, तेव्हा पुढं वाचा.

2019 च्या पुरात आपल्या मंडळानं सांगलीत काय केलं ते मी सांगायला नको. गिरणीवाल्या काकांनी पीठ संपेस्तोवर कुणाला हिशेब विचारला नाही, मेडिकलवाल्या दादांनी उधारीची वही फाडली आणि वाड्यातल्या आजींनी तर पाटल्या मोडून पैसे दिले, त्यातनंच कातडीच्या आजाराच्या पोरांना मलम पुरवणारी ही मलम बँक उभी राहिली. आजी आता नाहीत, पैशाचा पत्र्याचा डबा अजून त्यांचाच.

तर विषय असा, आपल्याकडच्या पोरांत तिघांना इसब (एक्झिमा) पण आहे नि सोरायसिस (कातडीवर पापुद्रे धरणारा आजार) पण. परवा 7 वर्षांची एक पोरगी आली, कोपराच्या घडीत खाजवून ओलं झालेलं इसब आणि त्याच कोपराच्या टोकावर पांढरे पापुद्रे! आई रात्री हातात पायमोजे घालून झोपवते तिला. आधी कुणीतरी गजकर्ण म्हणून सगळी औषधं एकत्र असलेली स्टिरॉइडची ट्यूब दिलेली, लावली की चार दिवस झकास, सोडली की दुप्पट. असली मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत हा नियम 2018 चा, पण विचारतंय कोण. डॉक्टर मॅडम म्हणतात एका आजाराचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही, म्हणून तपासणी नीट पाहिजे. साधं ओलावा धरणारं मलम मात्र दोन्हीला लागतंच, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं, अंगभर त्रास असला तर आठवड्याला पाव किलो. म्हणजे 100 ग्रॅमची ट्यूब तीन दिवसांत खलास, रोजंदारीवाल्यानं कुठनं आणायची?

मागच्या वेळी ग्रुपवर 110 अंगठे आले, पावत्या फाटल्या 9. डीजेला बरे एका संध्याकाळीत जमतात... असो. एकानं तर लागण होईल म्हणून हॉल नाकारला. होत नाही हो लागण, एका ताटात जेवलं तरी नाही.

शिबिर जागतिक सोरायसिस दिनाच्या (29 ऑक्टोबर) आधीच्या रविवारी स. 10 ते 1, मंडळाच्या ऑफिसात, जुन्या चिठ्ठ्या नि वापरलेल्या ट्यूबा आणा, पैसे रोख किंवा ऑफिसातल्या क्यूआरवर, स्क्रीनशॉट खजिनदारांना, पावती मिळेल, वस्तू द्यायची तर सीलबंद बिनवासाची पेट्रोलियम जेली, सेंटवाली क्रीम नको, गाडीवाल्यांनी दोघा पोरांना मिरजेला तपासणीला नेऊन आणायचं बघा.

कपाटात आत्ता मलमाचे 4 डबे आहेत, शनिवारपर्यंत पुरतील.