बाराव्या फ्रेटवरचा खालचा ठिपका

प्रिय बाळ्या,

तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच, घरचे सगळे मजेत. आता मुद्द्याचं. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

दादाची गिटार माझ्याकडे आली आहे. वहिनींनी दुरुस्तीला दिली. दादाची धाकटी आता ती वाजवायला लागली आहे, आणि मानेवर फ्रेटच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, मध्ये जागा कळावी म्हणून जे काळे ठिपके बसवलेले असतात, त्यातल्या बाराव्या फ्रेटवरच्या दोन ठिपक्यांपैकी खालचा बोट लागलं की हलतो. सातव्यावरच्या ठिपक्याभोवती लॅकरला गोल चीर गेली आहे, पण ते किरकोळ. हा खालचा ठिपका तुझा जुना वैरी. ‘गिटार चकणी आहे’ म्हणून तू दादाला किती छळायचास, आणि तो म्हणायचा, आधी स्वतःचे डोळे तपासून ये. मी कॅलिपर लावून पाहिला. ठिपका अर्धा मिलिमीटर सरकलेला आहे. दादा आता वाद घालायला नाही, म्हणून निकाल मीच तुझ्या बाजूने देतो.

एरवी घट्ट बसलेला ठिपका काढायचा तर मधोमध बारीक भोक पाडतात, त्यात छोटा स्क्रू पिळतात आणि स्क्रूसकट वर ओढतात. इथे गरज पडली नाही. नव्या ब्लेडने कडेचा लॅकर गोल कापून घेतला, नाहीतर उचलताना टवका उडतो आणि मेपलच्या फिकट लाकडावर टवका लपत नाही. मग सुई घालून ठिपका वर घेतला, उलटा केला, तर पाठीवर रेघा. बारीक, किंचित वाकलेल्या, एकमेकींना समांतर. भिंगाखाली धरून पट्टी लावली. मिलिमीटरला साधारण चार.

बाळ्या, ती ग्रामोफोनची तबकडी आहे.

कुठली ते तुला सांगायला नको. एलपीच्या, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांच्या, रेघा याच्या दुपटीहून दाट असतात. ही मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची, जुनी, लाखेची. खात्री करायला कापसाच्या टोकाला थेंबभर स्पिरिट लावून पाठीच्या कडेला टेकवलं. कापूस लगेच काळा झाला. प्लास्टिक असतं तर असं झालं नसतं. लाख, दगडाची पूड आणि काजळी, त्या तबकड्या अशाच बनायच्या.

इतकी वर्षं आपल्याला दिसलं कसं नाही, तेही कळलं. फ्रेटबोर्डला, म्हणजे मानेवरच्या लाकडी पट्टीला, आडवी गोलाई असते. मधल्या ठिपक्यांना तिचा त्रास होत नाही, पण बाराव्यावरचे दोन मध्यापासून बाजूला असतात, म्हणून तिथे ठिपका जरा कलता बसवावा लागतो. दादाने सरळ बसवला. एक कड वर राहिली, ती त्याने कानशीने घासून गोलाईला मिळवली आणि वरच्या रेघा गेल्या. खालच्या राहिल्या. मुळातला ठिपका कधी पडला, त्याने हा कधी कापला, काही माहीत नाही. आपण दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो तेव्हाच हे झालं असणार.

मी हिशेबही करून बसलो. ठिपक्याचा व्यास ६.३५ मिलिमीटर, म्हणजे त्यात साधारण पंचवीस रेघा. तबकडीची एक फेरी पाऊण सेकंदाहून थोडी जास्त, त्यातला इतकासा तुकडा म्हणजे सेकंदाचा शंभरावा हिस्सा, थोडा कमी-जास्त. एका गाण्याच्या पंचवीस वेगवेगळ्या जागा, प्रत्येक ठिकाणचा कानाला कळणारही नाही एवढा आवाज, आणि त्यावर दादाने पुढे आयुष्यभर बोटं फिरवली.

खुर्चीवरची ती तबकडी कुणी फोडली, हे मी आज उकरून काढत नाही. मी खुर्चीवर बसलो नव्हतो हे तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. तू बसलास असं मात्र मी आता म्हणणार नाही. आपण सहा महिने तोंडं फिरवली आणि दादाने एकदाही विचारलं नाही, हे मला तेव्हा फार लागलं होतं. मला वाटायचं त्याला फरकच पडला नाही. त्याने तुकडे उचलून ठेवले होते रे. कदाचित त्याला फक्त काहीतरी काळं आणि योग्य जाडीचं हवं होतं, ते हाताशी होतं, एवढंच. पण मला तसं वाटत नाही. त्याच्या खोक्यात काळी बटणं होती, आबनुसाचे तुकडे होते.

आता माझी काळजी. धाकटीला सगळे ठिपके काढून शिंपल्याच्या चांदण्या बसवायच्या आहेत. एका कारागिराने तिला सांगितलं आहे की पूर्ण लॅकर घासून काढू, सगळी भोकं मोठी करू आणि गिटार नव्यासारखी करू. गिटार तिची आहे, तिचा हक्क आहे. पण मेपलवर पांढरा शिंपला दिसतच नाही. फिकट लाकडात फिकट चकाकी, थोडा उजेड पडला की नाहीशी. म्हणूनच तर मेपलवर काळे ठिपके असतात. शिंपला शोभतो रोझवूडवर. (हो, तुझ्या रोझवूडवर. गिटारी बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९५८-५९मध्ये मेपलची पट्टी सोडून रोझवूड घेतलं, हे तू मला किती वेळा ऐकवलंस! मेपलवरचा लॅकर झिजला की पट्टी कळकट दिसते, हेही तुझंच. मला ती कळकट पट्टीच आवडते. दादाचा हात कुठे जास्त फिरला ते तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटपाशी वाचता येतं. ती घासून टाकायची?)

रोझवूडचं काम सोपं असतं हे मात्र खरं. फट राहिली तर त्याच लाकडाची पूड आणि सुपरग्लू भरला की शोधून सापडत नाही. मेपल काही माफ करत नाही. उघड्या मेपलला सुपरग्लू लागला की तो रेषांमध्ये शिरतो आणि डाग पडतो, म्हणून भोकाच्या भिंती आधी लॅकरने बंद कराव्या लागतात. मेपलची पूड भरली तरी गोंदाने गडद होते. इथे एका बाजूला नखावरच्या चंद्रकोरीसारखी फट आहे. लाकूड आडवं फुगतं-आकसतं, उभं जवळजवळ नाही, आणि ठिपका आपल्या जागी ताठ. या ओढाताणीत सरस सुटला. अशा फटीला लाकडाचा रंग द्यायला जाऊ नये, ठिपक्याचा द्यावा. सरसात काजळी मिसळून भरली की ती ठिपक्यातच जमा होते.

पण हा ठिपका लाखेचा, त्यामुळे नेहमीचे निम्मे उपाय बाद. तापवता येत नाही, मऊ पडेल. स्पिरिटने पुसता येत नाही. वरून लॅकरचा थेंब सोडून सपाट करायचा तर थिनरने काळा रंग सुटून लॅकरमध्ये उतरण्याची भीती. म्हणून मी ठरवलंय की थंडच वापरायचा पातळ सरस घ्यायचा, पुढे कुणाला काढावासा वाटला तर ओलाव्याने सुटेल असा. भोकाच्या तळाला थोडा उतार द्यायचा, म्हणजे ठिपका गोलाईला धरून बसेल आणि पुन्हा कानस लागणार नाही. लॅकर फक्त कडेला, बारीक ब्रशने, ठिपका उघडाच ठेवायचा. आणि पॉलिश पेपर अजिबात नाही, काळी धूळ मेपलमध्ये बसली की निघत नाही. ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मधल्या उघड्या धारेने कडेचा लॅकर खरवडायचा.

सरळ मात्र करणार नाही. सरळ करायचं तर भोक बुजवून पुन्हा पाडायला हवं, आणि तो ठिपका इतका ठिसूळ आहे की नव्याने घासाघासीत तुटेल. चकणी ती चकणीच राहू दे.

धाकटीला हे सगळं सांगायचं का, यावर अडलोय. सांगितलं तर ती ठिपक्याला हात लावू देणार नाही, पण मग वडिलांच्या गिटारवर तिला स्वतःचं काही करायचा धीर होणार नाही. नाही सांगितलं तर तो कारागीर ड्रिल लावून एका मिनिटात भुकटी करेल. माझं मत सांगण्याकडे आहे. दादाने स्वतःच गिटारला हात लावला होता, हेही तिला त्यात कळेल. हवं तर मानेच्या टोकाला, हेडस्टॉकवर, चांदणी बसवून देईन, तिथे शिंपला छान दिसेल. पण त्या तबकडीची गोष्ट माझ्या एकट्याची नाही, तुझी परवानगी हवी. कोण बसलं ते गाळून सांगेन. वहिनींना बहुतेक माहीत असावं. गिटार देताना त्या म्हणाल्या होत्या, ‘ठिपका हरवू नका हं.’

तुझ्या बदलीचं ऐकलं. घर लागलं का? आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल अशी आशा, त्यांना माझा नमस्कार सांग. मुलाच्या परीक्षेचं काय झालं तेही कळव, गेल्या खेपेला विचारायचं राहिलं.

ठिपका डबीत कापसावर ठेवलाय. तुझं उत्तर येईपर्यंत मी सरस लावत नाही आणि धाकटीला हो-नाही काही कळवत नाही. फोन करू नकोस, फोनवर आपण पुन्हा खुर्चीवरच येऊ. लिही.

तुझा,
नान्या