साहेब, पकडायच्या आधीचं आणि सुटल्यानंतरचं

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका, राजीव गांधी भवन, यांस

स. न. वि. वि.

सिडकोत माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. गुंडांच्या मागे लागणाऱ्या पोरांसाठी महापालिकेने पैसा ठेवावा, हे सांगायला लिहितोय. टोळ्यांच्या भांडणात जाळलेली गाडी आमच्याकडे छोट्या हत्तीत घालून येते. सीटचा फोम वितळून चेसीवर थिजलेला, वायरिंगचा काळा गोळा झालेला, आणि तो वास दोन दिवस शेडमधून जात नाही. मालक विचारतो, "होईल ना?" मला बघताक्षणी कळलेलं असतं की होणार नाही. मागच्या खेपेची गाडी एका सिक्युरिटी गार्डची होती. हप्ते बाकी, विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे हातात शून्य. जाळणाऱ्यांचं त्याच्याशी काही वैर नव्हतं. त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या कुणाला तरी दाखवायचं होतं आणि ही गाडी रस्त्याच्या कडेला सापडली.

पोलिसांनी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी पकडलेल्या भल्याभल्या गुंडांकडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" वदवून घेतलं, तेव्हा आम्ही दुकानदारांनी मोकळा श्वास घेतला. राजकीय वजन असलेलेही सुटले नाहीत, हे विशेष. पण तडीपारी कायद्यानेच जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. आणि भाई आत गेला म्हणून त्याच्यामागे फिरणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं कुठे जात नाहीत. ती माझ्या समोरच्या टपरीवरच असतात.

ती कशी बनतात ते मी रोज बघतो. आधी शाळा सुटते, बहुतेक नववीत. मग कुणाच्या तरी गाडीवर ट्रिपल सीट फिरणं. मग माझ्याकडे येऊन "मामा, सायलेन्सर बदलून द्या, आवाज पाहिजे". (मी देत नाही. दुसरा कुणी देतो.) मग भाऊंच्या वाढदिवसाला तलवारीने केक, त्याचा स्टेटस, त्याच्यावर कुणाची तरी कमेंट, आणि "खुन्नसने बघितलं" म्हणून मॅटर. पहिल्या ट्रिपल सीटपासून पहिल्या कोयत्यापर्यंत दीड-दोन वर्षं जातात. या काळात त्या पोराशी बोलायला पगारी माणूस एकही नाही. पोलिसाचं काम गुन्हा घडल्यावर सुरू होतं. शिक्षकाच्या पटावर त्याचं नाव उरलेलं नसतं. आई तीन घरची धुणीभांडी करून येते. भाईकडे मात्र वेळच वेळ असतो, आणि पेट्रोलला पैसेही.

माझ्याकडे सध्या एक मुलगा कामाला आहे. सतराव्या वर्षी हाणामारीत सापडला, उंटवाडीच्या निरीक्षणगृहात राहिला. बाहेर आला तेव्हा अठरा पूर्ण. २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो की अशा मुलाच्या पुढच्या आयुष्याला त्या प्रकरणाचा डाग लागू नये. अपवाद फार थोडे. कायदा म्हणतो, गल्ली म्हणत नाही. दोन ठिकाणी त्याला सकाळी ठेवलं आणि दुपारी काढलं. माझ्याकडे आला तेव्हा मीही आधी गल्ल्याची किल्ली खिशात घातली, खोटं कशाला सांगू. पहिल्या आठवड्यात त्याने बाराचा पाना दहाच्या नटाला लावून कडा गोल केल्या आणि मी बोलायच्या आत हात डोक्यावर घेतला, मार चुकवल्यासारखा. आता कार्ब्युरेटर खोलून, धुऊन, पुन्हा बसवून देतो. त्याचे जुने दोस्त संध्याकाळी येऊन बाहेर उभे राहतात, तेव्हा मी त्याला मुद्दाम काम सांगतो. हे मी किती दिवस करणार आणि किती जणांसाठी?

सरकारी योजना आहे की, असं कुणी म्हणेल. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना मी बघितली. महिना सहा हजार विद्यावेतन, पण निदान बारावी पास पाहिजे. नववीत सुटलेला पोरगा तिच्या दारातही उभा राहत नाही.

हे काम महापालिकेचं कसं, असं तुमच्या कार्यालयात कुणी विचारलं तर १९४९ चा महानगरपालिका अधिनियम काढून कलम ६६ वाचावं. ऐच्छिक कामांची ती यादी. तिच्यात सार्वजनिक सुरक्षितता, आरोग्य, सोय, शिक्षण यांना उपयोगी पडेल असं कुठलंही काम करण्याची मुभा आहे. वकिलाकडून खात्री करून घेतली, मगच लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच की पैसा माणसांवर खर्च करा. इमारत नको. ओपन जिमची यंत्रं आमच्याकडे आहेत, त्यांच्यावर पोरं बसून मोबाइल बघतात. जनजागृतीचे फ्लेक्सही नकोत. फ्लेक्सवर फोटो यावा म्हणून तर अर्धी भांडणं होतात. सहा विभागांत प्रत्येकी दोन, असे बारा कार्यकर्ते नेमा. महिना पंचवीस हजार धरले तर वर्षाचे ३६ लाख. त्याच वस्तीतले, संध्याकाळी सहा ते रात्री अकरा टपरीवर उभे राहतील असे. कबड्डीचा एखादा जुना खेळाडू, एखादी अंगणवाडीतली ताई जिला पोरं घाबरतात, आणि यातून बाहेर पडून संसाराला लागलेला एखादाही. शिवाय अठरा वर्षांवरच्या साठ मुलांना गॅरेज, वेल्डिंग, एसी दुरुस्ती अशा ठिकाणी सहा महिने शिकायला ठेवा, महिना सहा हजारांवर, शिक्षणाची अट न घालता. त्याचे होतात २१ लाख ६० हजार. एकूण ५७ लाख ६० हजार. सिंहस्थाच्या कामांचे आकडे हजार कोटींत वाचतो, म्हणून हा आकडा लिहिताना मलाच लाज वाटली.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात चाकूबाजी अशीच माजली होती. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनीच वेगळा विभाग काढला आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायचं ठरवलं. पुढे त्यांनी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत माणसं बसवली. वार झालेला पोरगा टाके घालून घेताना घाबरलेला असतो, एकटा असतो, आणि बाहेर त्याचे दोस्त बदल्याची तयारी करत असतात. त्या तासाभरात त्याच्याशी बोलायचं, हे त्या माणसांचं काम. आपली बिटको आणि झाकीर हुसेन ही रुग्णालयं महापालिकेचीच आहेत. बारातले दोघे तिथे रात्री बसवता येतील.

एक विनंती. हे काम कुणाच्या मेहुण्याच्या संस्थेला देऊ नका. नेमणुकीची यादी विभागीय कार्यालयाबाहेर लावा, आणि कार्यकर्त्याला पोलिसांचा खबऱ्या करू नका. पोरांना एकदा तसा वास आला की टपरी रिकामी होईल आणि बारा पगार फुकट जातील.

जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर सभागृहात नगरसेवक आले आहेत. त्यांच्यासमोर अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवा. साठातली दोन मुलं मी घेतो. विद्यावेतन सहा महिने तुम्ही द्या, पुढचा पगार माझा. हत्यारांची पेटी त्यांना पहिल्या दिवसापासून वापरायला मिळेल आणि गल्ल्याची किल्ली यावेळी खिळ्यालाच टांगलेली असेल.

आपला,
एक गॅरेजवाला, सिडको, नाशिक