धुवायच्या आधी वाच

हनोई, ऑक्टोबर

प्रिय दिन्या,

तीन महिने पत्र नाही, शिव्या घातल्या असशील. मान्य. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. लिहायला बसलो ते डब्यामुळे. रविवारी पुण्याला येणाऱ्या माणसाजवळ अर्धा किलो कोम (इथला कोवळ्या भाताचा पदार्थ) दिलाय, आणि चिठ्ठी टाकायची राहिली. आता तू हिरवे पोहे समजून ते धुणार. धुशीलच!

(कोम म्हणजे मोड नव्हे. उगाच कोटी करू नकोस, ती मी करून झालीय.)

धुवायचा नाही, कारण तो पोह्यासारखा कोरडा नसतोच. पोहे पिकलेल्या भाताचे, भिजवून भाजलेले. हा कोवळ्या चिकट भाताचा. दाणा नखाने दाबल्यावर थोडं दूध यायला हवं, तेव्हाच कापणी. हुरड्याचं गणित तुला सांगायला नको. लवकर कापला तर दाणा तुसाला चिकटून लगदा होतो, उशीर झाला तर कडक आणि पांढरट होऊन कांडताना तुटतो. कापला त्याच दिवशी भाजायचा: पाण्यात घालून पोचट दाणे काढायचे, मग बिडाच्या मोठ्या कढईत मंद विस्तवावर सारखं हलवत राहायचं. आच वाढली की तूस जळतं आणि आत दाणा कच्चा राहतो. दोन-चार दाणे चोळून तूस सुटलं की उतरवायचा. निवल्यावर उखळात हलक्या हाताने कांडायचा, पाखडायचा, पुन्हा कांडायचा, अशा पाच-सात फेऱ्या. जोर लावला तर पीठ! पाखडताना उडणारा सगळ्यात पातळ कोम चिंचेच्या पानाच्या नावाने ओळखतात. तो सर्वांत भारी, म्हणून तुला मिळालेला नाही.

हे सगळं करणारं जुनं गाव वाँग. आता ते शहरातच, शेतं बिल्डिंगांनी खाल्ली, भात बाहेरून येतो. मेत्री या दुसऱ्या गावची कोम करण्याची कला 2019 पासून व्हिएतनामच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे. रंग बघून घे: फिकट, पिवळसर हिरवा असतो. भडक हिरवा असेल आणि बोटाला रंग लागला तर रंगवलेला. मी तसला घेतलेला नाही, हे तू मान्य करणार नाहीस ते वेगळं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवरून आपलं झालेलं भांडण मी विसरलेलो नाही.

पुडी अशी: आत आळूसारखं रानपान, बाहेर कमळाचं, वर भाताच्या काडीची गाठ. पान ओल धरतं, म्हणून उघडलं की लगेच खा. ताजा असला तर एक-दोन दिवसच, मग सुकतो नाहीतर आंबतो. मी गोठवून दिलाय. तसाच फ्रीजरमध्ये टाक, लागेल तेवढा काढ. चमच्याने नको, चिमटीत घेऊन सावकाश चाव. पिकून साल ठिपक्यांची झालेल्या केळ्याबरोबर तर बेस्टच. कडक झालाच तर पाण्याचा हबका मारून वाफव, वर थोडं खोबरं आणि साखर. कांदा, मोहरी, हळद? दिन्या, तेवढं नको, वहिनींनाही सांग.

पोरीच्या नोकरीचं कळलं, मस्त. बांधाचा वाद मिटला का? आईला नमस्कार.

डबा मिळाला की फोन कर. धुवायच्या आधी.

तुझा,
शऱ्या