वरणावर राग कशाला?

महोदय,
यूरिक ॲसिड वाढल्याचा रिपोर्ट आला की पहिली गदा येते तुरीच्या वरणावर. माझ्याही ताटातून ते दोन महिने हद्दपार होते. कारण काय, तर ‘प्रोटीन’! पण प्रथिनांतल्या नायट्रोजनचा मुख्यतः युरिया होतो. यूरिक ॲसिड येते प्युरिनपासून, म्हणजे डीएनए-आरएनएमधल्या ॲडेनिन व ग्वानिनपासून, आणि त्यातले साधारण दोनतृतीयांश आपल्याच पेशींचे असते. बहुतेक सस्तन प्राणी युरिकेज एन्झाइमने त्याचे सहज विरघळणारे ॲलँटॉइन करतात. माणसात ते जनुकच निकामी झाले आहे, म्हणून गाऊटमध्ये, म्हणजे यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या आजारात, पायाचा अंगठा आपला सुजतो, मांजराचा नाही.

कलेजी, बिअर यांवर बंधन रास्तच. डाळींमुळे मात्र गाऊटचा धोका वाढल्याचे मोठ्या पाहणीत दिसलेले नाही. उलट गोड शीतपेयांतले फ्रुक्टोज यकृतातले एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्ची घालून यूरिक ॲसिड वाढवते. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

यूरिक ॲसिड तयार करणाऱ्या झँथिन ऑक्सिडेज एन्झाइमला अडवणारे ॲलोप्युरिनॉल हे औषध गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी दिले. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या त्याच गोळ्या ‘आधी पथ्य करून बघू’ म्हणत कपाटात ठेवणारे आमच्या कट्ट्यावर निदान तिघे आहेत.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सातारा